दोन कोटेशनं, एकच गच्ची: घरावर सोलर बसवणारा ठेकेदार कसा पारखायचा

समजा, ऐरोलीतल्या एका रो हाउसच्या गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवायचं आहे. दोन ठेकेदार गच्ची बघून गेले. एकाने १ लाख ६२ हजारांचं कोटेशन दिलं, दुसऱ्याने १ लाख ९८ हजारांचं. दोघांच्याही कागदावर पॅनेल एकाच कंपनीचं, तेवढ्याच वॅटचं. इन्व्हर्टरही (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) तोच. मग ३६ हजारांचा फरक कशाचा? बऱ्याच घरांत निर्णय इथेच होऊन जातो: वस्तू तीच आहे ना, मग स्वस्तातलं घ्या.

पण वस्तू तीच नसते. पॅनेल आणि इन्व्हर्टर कारखान्यातून तयार होऊन येतात, त्यांत ठेकेदार काही भर घालू शकत नाही. त्याची करामत किंवा हलगर्जी दिसते ती बाकीच्या कामात: खालचं लोखंड, नटबोल्ट, केबल, अर्थिंग, स्लॅबला पाडलेली भोकं आणि महावितरणकडचे कागद. सिस्टिम बिघडते तीही बहुधा याच जागांवर. म्हणून कोटेशन हातात आलं की पॅनेलच्या ओळीवर रेंगाळू नका. खाली कुठेतरी ‘स्ट्रक्चर व इतर साहित्य, १ सेट’ अशी एक ओळ असते. फरक त्या ओळीत दडलेला असतो.

बोलावण्याआधी बिल काढा

किती किलोवॅट लागतील हे ठेकेदाराने नव्हे, तुमच्या बिलाने सांगायचं असतं. मागच्या बारा महिन्यांचे युनिट लिहून काढा आणि सरासरी घ्या. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतो, म्हणजे महिन्याला १२०. मार्च ते मे यापेक्षा बरं, जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्यावर. सरासरी वापर ३०० युनिट असेल तर अडीच किलोवॅट पुरतात, ३६० असेल तर तीन. ‘घ्या हो पाच, पुढे एसी वाढेल’ असं कोणी म्हणालं, तर एसी नक्की वाढणार आहे का, हे आधी घरात बोलून घ्या.

आणखी एक हिशेब इथेच समजून घेतलेला बरा. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: १०० पर्यंत, मग ३००, मग ५०० आणि त्यापुढे. वरचा टप्पा सगळ्यात महाग. सोलरने आलेले युनिट बिलातून वजा होतात तेव्हा आधी हा वरचा टप्पा कापला जातो. म्हणजे पहिला किलोवॅट सर्वांत जास्त पैसे वाचवतो आणि शेवटचा सर्वांत कमी. ज्यांचा वापर शंभरच्या आसपास आहे, त्यांच्या घरी पैसे वसूल व्हायला बराच काळ जातो. शिवाय स्थिर आकार सोलर लावूनही भरावाच लागतो. ‘बिल शून्य’ असं छापलेल्या पत्रकात ही गोष्ट नसते. जो ठेकेदार ती आपणहून सांगतो, त्याच्या बाजूने एक खूण करा.

बिलावरचं नाव बघा. घणसोली, दिवा, गोठिवलीच्या गावठाणात काय किंवा ठाण्यात बाळकूम-कोलशेतला काय, कितीतरी घरांचं वीजबिल अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर येतं. सोलरवरचं सरकारी अनुदान बिलावरच्या ग्राहकालाच मिळतं आणि त्याच नावाच्या बँक खात्यात जमा होतं. सोलर बसल्यावर हे लक्षात आलं की पैसे अडकतात. नाव बदलायचा अर्ज आधी, सोलरचा नंतर. शीळ, मुंब्रा, कळवा या भागात वीजपुरवठ्याचं काम टोरेंट पॉवर ही खासगी कंपनी बघते, त्यामुळे तिथे आधी काम केलेला माणूस असेल तर फेऱ्या वाचतात.

मे महिन्यात सावली दिसत नाही

ठेकेदार गच्चीवर आला की तो काय करतो, हे बारकाईने बघा. टेप काढून लांबी-रुंदी मोजली, मोबाइलवर चार फोटो काढले आणि उतरला, तर पाहणी अर्धीच झाली.

ठाणे १९ अंश उत्तरेला आहे. मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या नारळाची सावली पायाशीच पडते आणि गच्ची लख्ख मोकळी वाटते. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर चढतो. दीड मीटर उंच टाकीची सावली तेव्हा भर दुपारी सुमारे १.४ मीटर लांब असते, आणि साडेतीन वाजता अडीच मीटरच्या पुढे जाते. मे महिन्यात टाकीला खेटून बसवलेलं पॅनेल हिवाळ्यात रोज दुपारी झाकलं जातं. घरावरच्या सोलरमध्ये पॅनेल एकापुढे एक माळेसारखी जोडलेली असतात. एकावर सावली पडली की नुकसान त्या एकापुरतं राहीलच असं नाही, अख्ख्या माळेचा जोर उतरू शकतो.

म्हणून विचारायचं: २१ डिसेंबरला सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात सावली कुठवर येईल? ज्याला काम येतं तो दक्षिणेकडच्या प्रत्येक अडथळ्याची उंची मोजतो किंवा सूर्याचा मार्ग दाखवणारं अॅप उघडून उभा राहतो. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि कल १५ ते १९ अंशांचा, हे आपल्याकडचं योग्य प्रमाण. जागेचं म्हणाल तर एका किलोवॅटला शंभर चौरस फूट बिनसावलीची गच्ची धरतात. सध्याचं ५४०-५५० वॅटचं पॅनेल सव्वादोन मीटर लांब आणि एक मीटरहून थोडं जास्त रुंद असतं. तीन किलोवॅटला अशी सहा लागतात, आणि धुवायला माणूस फिरेल एवढी वाट त्यांच्या बाजूने सोडावी लागते.

लोखंडाची ओळ

आता त्या गुंडाळलेल्या ओळीकडे येऊ. भारतीय मानकानुसार मुंबईच्या पट्ट्यात बांधकाम करताना सेकंदाला ४४ मीटर हा वाऱ्याचा मूळ वेग धरतात, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. उत्तर येतं चौरस मीटरला ११६० न्यूटन, म्हणजे सुमारे ११८ किलोचा जोर. एका पॅनेलचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरच्या थोडं वर. तेव्हा ढोबळ हिशेबाने एकेका पॅनेलवर ३०० किलोचा धक्का. पॅनेलचं स्वतःचं वजन २८ ते ३३ किलो. कल, उंची आणि गच्चीच्या कठड्यानुसार हा आकडा कमी-जास्त होतो, पण कोणत्या मापाची ताकद आहे ते कळायला एवढं पुरे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलं. तसे वारे पुन्हा येणारच नाहीत असं धरून गच्चीवर काही उभं करायचं नसतं.

स्वस्त कोटेशनवाला पायाखाली सिमेंटचे ठोकळे नुसते ठेवतो. एक फूट लांब, रुंद, उंच ठोकळ्याचं वजन ६८ किलोच्या आसपास भरतं. सहा पायांना सहा ठोकळे म्हणजे चारशे किलो. वरचा एकेका पॅनेलचा आकडा सहाने गुणा आणि या आकड्याशेजारी ठेवा, म्हणजे ठोकळा स्लॅबशी बांधला जाणं का गरजेचं आहे ते दिसेल.

मग स्लॅबला भोक पाडून बोल्ट ठोकला की झालं? नाही, इथे आपल्या इमारतींची एक खास अडचण आहे. आपल्याकडच्या गच्च्यांवर बहुधा ब्रिकबॅट कोबा असतो: स्लॅबवर विटांचे तुकडे, त्यावर सिमेंट, वर चायना मोझॅक. हाच थर घर कोरडं ठेवतो. ड्रिल करून त्यात भोकं पाडली की बोल्ट पकडतो विटांच्या तुकड्यांत, म्हणजे पक्का बसतच नाही, आणि पाणी मात्र आत जायला वाट सापडते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बेडरूमच्या छताला ओल धरते. भोक पाडायचंच असेल तर ते कोबा ओलांडून खालच्या आरसीसीपर्यंत न्यावं लागतं, भोकातली धूळ हवेने साफ करून केमिकल अँकर (बोल्ट घट्ट धरून ठेवणारं रसायन) भरावं लागतं आणि वर वॉटरप्रूफिंगसह पेडेस्टल (काँक्रीटचा चौथरा) ओतावं लागतं. दुसरी पद्धत कोब्याला हात न लावण्याची: पृष्ठभाग खरवडून, बाँडिंग केमिकल लावून, सळ्या घातलेले मोठे पेडेस्टल जागेवरच ओतायचे आणि पायांना आडव्या पट्ट्यांनी एकमेकांत जखडायचं, म्हणजे सगळा सांगाडा एकदम उचलावा लागेल इतका जड होतो. कोणती पद्धत वापरणार, आणि दोन पावसाळ्यांत गळलं तर दुरुस्ती कोणाची, हे कोटेशनवर लिहून मागा. तोंडी ‘गळणार नाही, काळजी करू नका’ याला काही किंमत नाही.

लोखंड गंजण्याचं काय? खाडीच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे वाशी, ऐरोली, कोपरखैरणे, विटावा, कोलशेत इथे हवेत खार असतो. लोखंडावर जस्ताचा थर दोन प्रकारे येतो. एकात आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याचा पाइप करतात. त्याला बाजारात जीपी म्हणतात आणि त्यावरचा थर बहुधा आठ-दहा मायक्रॉनचा असतो. दुसऱ्यात कापून, भोकं पाडून, वेल्डिंग करून तयार झालेला भाग वितळलेल्या जस्तात बुडवतात. हे हॉट डिप गॅल्व्हनाइझिंग, थर ८० मायक्रॉनच्या आसपास. दोन्ही नवे असताना सारखेच चकाकतात. कोटेशनवर नुसतं ‘जीआय स्ट्रक्चर’ लिहिलेलं असेल तर ते कुठलंही असू शकतं. ‘हॉट डिप, किमान ८० मायक्रॉन, पाइपची जाडी २ मिमी’ असं लिहून घ्या. थर मोजायचं छोटं यंत्र असतं. माल आला की मोजून दाखवा म्हणायला लाजू नका.

आणि गच्चीवर वेल्डिंग होऊ देऊ नका. वेल्डिंगच्या आचेने तिथलं जस्त जळून जातं, वर रुपेरी रंग मारला तरी पहिल्याच पावसाळ्यानंतर सांध्यावर तांबूस ओघळ दिसतो. चांगलं स्ट्रक्चर सगळं नटबोल्टने जोडलेलं असतं, आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे, ३०४ ग्रेडचे. खाडीला अगदी लागून घर असेल तर ३१६. पॅनेललाही खाऱ्या हवेच्या चाचणीचं प्रमाणपत्र असतं, मानक क्रमांक ६१७०१. ते मागा.

उंच स्ट्रक्चर घ्यावं की बुटकं? खाली वाळवणं घालायची, कपडे वाळत टाकायचे, मुलांनी खेळायचं, तर सात-आठ फुटी सांगाडा हवा आणि त्याला लोखंड जास्त लागतं, पायही जड लागतात. हे नको असेल तर बुटकं स्ट्रक्चर स्वस्त आणि वाऱ्याला बरं. गच्चीवर आधीच पावसाळी पत्र्याची शेड असेल तर तिच्यावर पॅनेल चढवण्याआधी शेडच्या पायांचं आणि कैच्यांचं वजन पेलण्याचं गणित इंजिनीअरकडून करून घ्यावंच. पाऊस अडवायला बांधलेली शेड पॅनेल पेलायला बांधलेली नसते.

वायरमध्ये वाचवलेले पैसे

सहा पॅनेल माळेत जोडली की जवळजवळ ३०० व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, दाब तयार होतो, आणि ऊन आहे तोवर तो बंद करता येत नाही. घरातल्या एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या, विजेत ठिणगी सेकंदाला शंभर वेळा आपोआप शून्यावर येते, म्हणून विझते. डीसीची ठिणगी तशी विझत नाही, ती जळत राहते. यातून दोन गोष्टी येतात. पहिली: डीसी बाजूच्या पेटीत डीसीचाच एमसीबी (बिघाडात वीज आपोआप तोडणारा स्विच) हवा. घरातल्या बोर्डाचा साधा एमसीबी तिथे लावलेला सापडतो, आणि तो नेमका बिघाडाच्या वेळी आतल्या आत वितळू शकतो. दुसरी: पॅनेलच्या वायरींचे कनेक्टर. दोन कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत ‘टक’ करून बसतात, पण आतली पकड नेमकी जुळत नाही, जोड तापतो, प्लास्टिक करपतं. काम चालू असताना एक जोड हातात घेऊन दोन्ही बाजूंचा मार्क वाचा. कनेक्टर क्रिंपिंगच्या पकडीने दाबलेला असावा, साध्या पक्कडीने चेपलेला नाही. ही पाच मिनिटांची तपासणी आहे आणि गच्चीवरच्या आगीचं एक मोठं कारण तिने टळतं.

डीसी केबल सोलरसाठीच बनवलेली, ४ चौरस मिमी तांब्याची. पाइपातून नेलेली, म्हणजे उंदीर कुरतडत नाहीत. प्लास्टिकच्या साध्या पट्ट्यांनी पॅनेलखाली बांधलेल्या वायरी दोन उन्हाळ्यांत लोंबायला लागतात, पट्ट्या कडक होऊन तुटतात. स्टीलच्या क्लिपा मागा.

एसी केबलमधली काटकसर मात्र वेगळ्याच रूपात समोर येते. समजा मीटर तळमजल्यावर आहे आणि इन्व्हर्टर गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत. केबलचं अंतर ३० मीटर. तीन किलोवॅटला १३ अँपिअर वाहतात. अडीच चौरस मिमीच्या वायरमध्ये एवढ्या अंतरावर जवळजवळ ६ व्होल्टचा फरक पडतो, ४ मिमीमध्ये साडेतीन, ६ मिमीमध्ये अडीच. सोलर वीज बाहेर ढकलतं, त्यामुळे हा फरक इन्व्हर्टरच्या टोकाला वाढून दिसतो. ट्रान्सफॉर्मर जवळ असेल आणि दुपारी लाइनलाच २४८ व्होल्ट असतील, तर पातळ वायरमुळे इन्व्हर्टरला २५४ दिसतात. २३० च्या दहा टक्के वर, म्हणजे २५३ ला, तो सुरक्षेसाठी स्वतःला तोडून घेतो. ऐन दुपारी, सगळ्यात जास्त ऊन असताना. घरच्यांना कळतं ते बिल आल्यावर. म्हणून पाहणीच्या वेळी ठेकेदाराने दुपारचा व्होल्टेज मीटर लावून मोजला का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

अर्थिंग तीन वेगवेगळी: एक पॅनेल आणि स्ट्रक्चरचं, एक इन्व्हर्टर व एसी पेटीचं, एक वीज पडण्यापासून वाचवणाऱ्या अरेस्टरचं. तिन्ही एकाच खड्ड्यात जोडून दिली की वीज पडल्यावर ती इन्व्हर्टरच्या वाटेने घरात शिरू शकते. प्रत्येकाचा रोध ५ ओमच्या आत यायला हवा आणि तो मोजून कागदावर लिहून द्यायला हवा. खड्ड्याला जागा कुठे, हे रो हाउसमध्ये आधीच ठरवा, नाहीतर शेवटच्या दिवशी ‘एकच बसतोय’ अशी तडजोड होते.

इन्व्हर्टर सावलीत, भिंतीवर, हवा खेळेल असा. एक गैरसमज इथेच दूर करून टाकू: साधा ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर लाइट गेली की बंद पडतो, भर उन्हातही. रस्त्यात लाइनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. लाइट गेल्यावरही पंखे हवे असतील तर बॅटरीसह हायब्रिड लागतो आणि खर्च बराच वाढतो. हे न सांगता विकणारा ठेकेदार पुढेही बरंच काही सांगणार नाही.

अनुदान आणि देशी पॅनेल

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार मिळतात. तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला मिळून ७८ हजार, त्यावर काही नाही. पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांत जी कमी, ती धरतात. ५४० वॅटची पाचच पॅनेल बसवून तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर लावला तर सिस्टिम २.७ किलोवॅटची ठरते आणि अनुदान ७२ हजार ६०० वर येतं. पॅनेल मोजा, वॅटने गुणा.

अनुदानाला अट आहे: पॅनेल आणि त्यातला सेल, दोन्ही भारतात बनलेले हवेत. बाजारात यांना डीसीआर पॅनेल म्हणतात. आयात सेलची पॅनेल बरीच स्वस्त पडतात, आणि तोच फरक खिशात घालायचा मोह काहींना होतो. प्रत्येक पॅनेलला अनुक्रमांक असतो, काचेच्या आत चिकटवलेला. टेम्पोतून माल उतरला की सहाही पॅनेलचे अनुक्रमांक फोटो काढून ठेवा, कंपनीकडून डीसीआरचं प्रमाणपत्र त्याच क्रमांकांसह मागा. पॅनेल सांगाड्यावर चढली की हे क्रमांक वाचणं कठीण होतं.

आता पैसे कोणाच्या हातात? अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं, काम पूर्ण होऊन नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) लागल्यानंतर. ठेकेदाराला पूर्ण रक्कम तुम्ही द्यायची. ‘अनुदान आम्ही बघतो, तुम्ही फक्त ओटीपी द्या’ असं म्हणणाऱ्याकडे सावध बघा. योजनेच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करताना काही ठेकेदार स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकतात. मग अर्ज कुठे अडकला हे घरमालकाला कळतच नाही आणि ठेकेदार बदलावा म्हटलं तर हात बांधलेले. बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी स्वतः करा. दहा मिनिटांचं काम आहे. ठेकेदार त्याच पोर्टलवरच्या यादीत आहे का, हेही तिथेच दिसतं. यादीतल्याकडूनच काम झालं तर अनुदान, नाहीतर नाही. त्याच्याकडे विद्युत ठेकेदाराचा परवाना आहे का, हे वेगळं विचारा.

दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला तांत्रिक पाहणीची वाट बघावी लागत नाही, आणि मंजूर भार कमी पडत असेल तर तोही वाढवून देण्याची तरतूद २०२४ च्या नियमबदलात केली आहे. तेव्हा ‘मंजुरीसाठी वेगळे पाच हजार लागतील’ असं कोणी म्हणालं तर पावती कोणाच्या नावाची, एवढंच विचारा.

दोन कोटेशनं पुन्हा समोर घेऊ

सरकारने धरलेली किंमत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ५० हजार आणि तिसऱ्याला ४५ हजार, म्हणजे तीनला १ लाख ४५ हजार. उंच स्ट्रक्चर, लांब केबल, जाड लोखंड घेतलं की रक्कम याच्या वर जाणं स्वाभाविक आहे. कराचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. साहित्य आणि बसवणी एकत्र दिली तर ७० टक्के रकमेला ५ आणि ३० टक्क्यांना १८ असा हिशेब होतो, एकूण ८.९ टक्के. जुन्या दराने १३.८ लावलेला असेल तर दुरुस्त करून घ्या. ‘बिल नको, कर वाचेल’ हा प्रस्ताव मात्र धुडकावून लावा, कारण पुढे वॉरंटी मागायची तर हातात पक्कं बिल हवं.

१ लाख ६२ हजारवाल्याला फोन करून विचारा: स्ट्रक्चर जीपी की हॉट डिप, बोल्ट कोणते, अर्थिंग किती, एसी केबल किती मिमी, कोब्याचं काय? तो नीट उत्तरं देऊन सुधारित कोटेशन पाठवेल, आणि मग रक्कम १ लाख ८५ हजार होईल, तर तोही चांगला ठेकेदार असू शकतो. आधीच्या कागदात त्याने फक्त कमीत कमी दाखवलं होतं. उत्तरं टाळली, किंवा ‘सगळं ए वन असतं’ म्हणाला, तर प्रश्न मिटला. १ लाख ९८ हजारवाल्यालाही हेच प्रश्न विचारा. महाग कोटेशनमध्येही जीपी पाइप निघतो.

दोघांनाही तीन वर्षांपूर्वी केलेल्या कामाचा पत्ता मागा, मागच्या महिन्यातल्या नव्हे. नवं काम सगळ्यांचंच चकचकीत असतं. तीन पावसाळे बघितलेली गच्ची खरं सांगते. तिथे जाऊन सांध्यांवर गंज, लोंबत्या वायरी, खालच्या खोलीच्या छताची ओल बघा, आणि घरमालकाला विचारा की इन्व्हर्टर बंद पडला तेव्हा माणूस किती दिवसांनी आला.

पैसे टप्प्यांत द्या. करारावेळी दहा-वीस टक्के, माल उतरून अनुक्रमांक जुळले की निम्मे, बसवून झाल्यावर पुढचा हप्ता, आणि शेवटचे किमान दहा टक्के नेट मीटर चालू झाल्यावरच. कागदाचं काम रेंगाळतं ते नेमकं या शेवटच्या टप्प्यात, म्हणून तेवढी रक्कम हातात राहू द्या. या योजनेत पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराची जबाबदारी आहे. वर्षातून किती भेटी, तक्रारीनंतर किती दिवसांत, हे करारात भरून घ्या. पॅनेलची वस्तू म्हणून वॉरंटी साधारण १० ते १२ वर्षांची आणि उत्पादनाची २५ वर्षांची असते. इन्व्हर्टरची ५ ते १०. वॉरंटीचं कार्ड कंपनीचं हवं, ठेकेदाराच्या लेटरहेडवरचं नव्हे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडक्यात: गच्ची सोसायटीची असते, त्यामुळे सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या सामायिक मीटरसाठी सोसायटीला किलोवॅटला १८ हजार अनुदान मिळतं. बाकी वरचे सगळे प्रश्न तेच, फक्त लोखंड जास्त आणि इमारत उंच, म्हणून वाऱ्याचा मुद्दा अधिक गंभीर.

बसल्यानंतर

कोरड्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांनी पॅनेल धुवावी लागतात. चौफेर चाललेली बांधकामं आणि एमआयडीसी यामुळे आपल्याकडे धूळ भरपूर. सकाळी लवकर, काच थंड असताना, मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. पाण्याचा नळ गच्चीवर नसेल तर तो कोटेशनमध्येच घाला. कबुतरं पॅनेलखाली घरटी करतात, विष्ठेने कोपरे झाकले जातात आणि वायरी ओढल्या जातात. बसवतानाच कडेने जाळी लावून घेतली तर हा त्रास राहत नाही. नंतर लावायची म्हटली की प्रत्येक क्लँपपाशी काम वाढतं.

नेट मीटर लागेल त्या दिवशी आयात आणि निर्यात अशी दोन्ही रीडिंगं फोटोत घ्या, इन्व्हर्टरच्या अॅपचा पासवर्ड स्वतःच्या नावावर करून घ्या, आणि अर्थिंगचा अहवाल, अनुक्रमांकांची यादी, वॉरंटी कार्डं, वायरिंगचा नकाशा एकाच फाइलमध्ये लावा. पहिलं बिल आलं की अॅपमधले युनिट, निर्यातीचे युनिट आणि बिलातली वजावट जुळवून बघा. जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात, आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपेपर्यंत. पहिल्याच बिलात निर्यातीचा रकाना रिकामा दिसला तर मीटर बदलल्याची नोंद बिलिंगपर्यंत पोहोचलेली नसण्याची शक्यता मोठी. फोटो घेऊन उपविभागाच्या कार्यालयात जा, आणि तो शेवटचा दहा टक्क्यांचा हप्ता तोवर द्यायचा थांबा.